आत्याचा विजेचा ब्लाउज

माझ्या पदराला सेफ्टी पिन नसते, क्रोकोडाइल क्लिप असते. वायरची टोकं तात्पुरती जोडायला वापरतात तो दातेरी चिमटा. सेफ्टी पिन साडीला भोकं पाडते, बोटाला टोचते आणि घाईच्या वेळी नेमकी सापडत नाही. चिमट्याच्या दातांवर मी रबरी नळीचा तुकडा चढवते, म्हणजे कापड फाटत नाही आणि पदर जागचा हलत नाही. शिवाय असे चिमटे माझ्याकडे डबाभर पडलेले असतात. इतकी सरळ गोष्ट आहे. पण लोक आधी चिमट्याकडे बघतात, मग माझ्या तोंडाकडे, आणि मग हिचं काही खरं नाही अशी मान हलवतात.

मी मोजमापाची यंत्रं दुरुस्त करते. वजनकाटे, तापमापक, दाब मोजणारी घड्याळं. महापेला एमआयडीसीत आमची लहानशी कंपनी आहे आणि तिच्या एका कोपऱ्यात माझं टेबल. यंत्रातून काढलेले जळके, जुने भाग फेकून द्यायचे असतात. मला ते फेकवत नाहीत. रंगीत पट्ट्यांचे इवले इवले रेझिस्टर इतके देखणे असतात की सोनाराने घडवावेत. ते माझ्या कानात असतात. बाहीला सप्तरंगी रिबन केबलची किनार असते. गळ्यात काळ्या ट्रान्झिस्टरची माळ असते, आणि त्या माळेने तर एकदा कहर केला. कामोठ्याला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एका बाईंनी माझ्या गळ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "कधी उरकलंस गं? कळवलं पन नाहीस!"

"मंगळसूत्र नाही हो, ट्रान्झिस्टर आहेत," मी म्हणाले.

"अगो बाई, आता तसली पन निघाली काय?"

मी लग्न केलेलं नाही. का केलं नाही ही गोष्ट मी सांगितली तर ती फार छोटी निघेल, म्हणून राहू दे.

लोकांना वाटतं, मी चार माणसांत उठून दिसायला हे घालते. तसं मुळीच नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. "हे काय घातलंय?" हा प्रश्न मला आवडतो. बसस्टॉपवर, बँकेत, दवाखान्याच्या बाकड्यावर कुणी तो विचारला की पाच मिनिटं बोलायला माणूस मिळतं. मी ट्रान्झिस्टर म्हणजे काय ते सांगते, समोरचा हो हो म्हणतो, त्याला काही कळत नाही आणि दोघांचाही वेळ बरा जातो. कितीतरी दिवस मी एवढ्या एका संभाषणावर काढले आहेत. मात्र एकाच वस्तीत बरीच वर्षं राहिलं की ह्या प्रश्नाचा पुरवठा आटतो. कामोठ्यात आता मला कुणी काही विचारत नाही. मी म्हणजे ती वायरवाली, हे सगळ्यांना माहीत झालं आहे.

आई होती तोवर मला ह्याचं काही वाटत नसे. आई माझे कपडे बघून कपाळाला हात लावायची आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीपुढे माझीच टिमकी वाजवायची. तिची एक सवय होती. मी टेबलावर वाकून डाग देत बसलेली असले, म्हणजे सोल्डरिंग करत असले, की मागून येता-जाता ती माझ्या पाठीत एक धपाटा घालायची. "ताठ बस. कुबड येईल." धपाटा चांगला सणसणीत असायचा. एकदा त्या दणक्याने माझ्या हातातला तापलेली सोल्डरिंग गन टेबलावर पडली आणि टेबलाला कायमचा डाग पडला, तेव्हा मी तिला खूप बोलले. तिने ऐकून घेतलं आणि जाताना आणखी एक धपाटा घातला.

आई गेली तेव्हा आठवडाभर माझ्या पाठीवर हातच हात होते. येणारं प्रत्येक माणूस पाठीवरून हात फिरवत होतं. तेव्हा मला त्याचा वीट आला होता. मग माणसं आपापल्या घरी गेली, भाऊ-भावजय कोपरखैरण्याला गेले, आणि तेव्हापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागलेला नाही. बसमध्ये धक्के बसतात, पण धक्क्याला मी हात म्हणत नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नसतं. माणूस म्हणेल, हिला झालंय तरी काय. काहीच झालेलं नसतं. रविवारी दुपारी खुर्चीवर बसलं की पाठीमागे सगळी मोकळी जागा आहे एवढंच जाणवतं.

अशात भावाला मुलगी झाली.

भाऊ माझ्याहून बराच लहान. लग्नानंतर खूप वर्षांनी, खूप दवाखाने करून त्यांना हे मूल झालं. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका काट्याचं पोट उघडून बसले होते. मी तो तसाच उघडा टाकून बाहेर गेले आणि कंपाउंडच्या भिंतीशी उभी राहून मनसोक्त रडले. मग तोंड धुताना माझ्या डोक्यात आलं ते बाळाचं नाक कसं असेल, रंग कसा असेल, हे नाही. मी आत्या झाले होते, आणि बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे बसतात.

ज्यांच्या घरी असं होत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. हल्ली नाव आई-बाप मोबाइलवर शोधून आधीच पक्कं करतात, ते सोडा, पण कानात सांगायचा मान आत्याचाच. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते, सगळ्या बायका 'कुर्रर्र' करतात आणि तेवढ्यात मागून आत्याच्या पाठीवर धपाधप हात पडतात. का मारतात ते कुणालाच धड सांगता येत नाही. पण मारतात मन लावून. माझ्या एका आत्याला भावाच्या बारशात इतके बसले होते की ती जेवायच्या पंगतीतही पाठ चोळत होती आणि हसत होती. ते हसणं माझ्या लक्षात राहिलं आहे.

मला ते हात हवे होते. अगदी हावरटासारखे हवे होते. दहा-पंधरा बायका तरी असतील, असा मी मनाशी हिशेब मांडला.

आणि मग माझ्या डोक्यात यंत्र शिरलं. धपाटे पाठीवर पडणार, म्हणजे मला ते दिसणार नाहीत. मोजमाप हा माझा धंदा आहे. जे दिसत नाही ते काट्यावर आणून दाखवायचं, ह्यावर माझं पोट चालतं. मी ठरवलं, पाठीवर हात पडला की बाहीवर दिवे लागतील असा ब्लाउज करायचा. मी वाकलेली असेन, मान खाली असेल, तरी दंडावरचा उजेड मला दिसेल. जोराचा हात पडला तर जास्त उजेड, हलका पडला तर कमी.

सामान घरातच होतं. नाजूक सुटे भाग ज्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येतात, त्या पिशव्यांचा एक गुण आहे: त्यांच्यातून वीज थोडीशी जाते, आणि दाबल्यावर जास्त जाते. त्या कापून मी पाठीच्या आकाराचा पापुद्रा केला. त्याच्या दोन्ही बाजूंना वीज वाहणारं कापड, मग अस्तर. तिथून पोलादी दोऱ्याने बाह्यांपर्यंत शिवण नेली आणि बाहीच्या किनारीत पिवळे दिवे लपवले, मोहरीहून थोडे मोठे. काखेखाली बटण-सेलची डबी आणि एक चिमुकला स्विच.

ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी तो पापुद्रा हातात धरून उलटसुलट केला. "ताई, पाठीत काय भरताय? पापड?"

"तसंच समजा."

"घाम येईल बरं का. प्लास्टिक हाय हे."

मी म्हणाले, दोन तासांचा तर प्रश्न आहे. बाईंनी खांदे उडवले आणि शिवून दिला.

चाचणी घ्यायची वेळ आली तेव्हा अडचण लक्षात आली. पाठीवर हात मारून बघायला घरात माणूस नव्हतं. मी स्वतःचा हात वाकवून पाहिला, तो खांद्याच्या खाली पोचेना. टॉवेलचा पिळा करून मागे मारला, तो भलतीकडेच लागला. शेवटी भिंतीकडे पाठ करून उभी राहिले आणि भिंतीवर पाठ आपटली. बाहीवर दिवे झळकले. पुन्हा आपटली, पुन्हा झळकले. मी इतकी खूश झाले की बराच वेळ तेच करत बसले. खालच्या मजल्यावरच्यांना काय वाटलं असेल देव जाणे. भिंतीच्या दणक्याला पूर्ण उजेड पडेल असा मी हिशेब बसवला आणि काम संपवलं.

बारशाच्या चार दिवस आधी भावजयीचा फोन आला. मुलगी गुणाची आहे. माझ्याशी नेहमी अदबीने बोलते, इतक्या अदबीने की माझ्या घरात ती अजून पाहुण्यासारखीच बसते.

"ताई, एक सांगायचं होतं. राग नाही ना येणार?"

"आधी सांग तर."

"त्या दिवशी जरा साधं याल? माझ्या माहेरचे सगळे येणारेत. मावश्या, माम्या... त्यांना तुमचं ते, म्हणजे, सवय नाहीये. उगाच कोणी काय बोललं तर मला टेन्शन येतं."

मला लागलं. पण तिचंही चूक नव्हतं. तिच्या साखरपुड्याला मी दिव्यांची ओढणी घेतली होती आणि तिच्या एका मावशीने ती कौतुकाने ओढून पाहिली तेव्हा मी सगळ्यांदेखत ओरडले होते, "हात लावू नका, तुटेल!" मी तर येईल त्याला हेच सांगत आले आहे. सांभाळून, वायर आहे. जरा लांबून बघा. त्या बाईंचा हात तेव्हा असा मागे गेला होता, जसा काही चटका बसला.

"साधंच येईन," मी म्हणाले. आणि ते खरंही होतं. कानात काही नाही, गळ्यात काही नाही, अंजिरी सुती साडी, त्याच रंगाचा ब्लाउज. पदराला सेफ्टी पिनसुद्धा लावली. माझं जे काही होतं ते अस्तराच्या आत होतं.

भावाचं घर कोपरखैरण्याला, बोनकोडे गावाला लागूनच्या गल्लीत. घराच्या मालकीणबाई गावातल्याच, खाली राहणाऱ्या. त्याही वर आल्या होत्या. पाळणा फुलांनी मढवलेला. हॉलमध्ये साड्यांची सळसळ, घुगऱ्यांचा वास, कुणाच्या तरी मोबाइलवर पाळण्याची गाणी. जिना चढताना मी स्विच चालू करून एकदा दिवे तपासले होते आणि, इतक्या वर्षांची अनुभवी बाई, तो बंद करायला विसरले.

"या ताई, बसा ना," भावजय म्हणाली. मी सोफ्यावर बसले आणि मागे टेकले. दोन्ही दंडांवर दिवे लागले.

समोरची मावशी ओरडली. तीच, ओढणीवाली. सगळ्यांच्या माना वळल्या. मी चटकन पुढे झुकले, दिवे विझले. स्विच शोधायला काखेत हात घातला तर पुन्हा एकदा लुकलुकले. कुणीतरी हसलं, कुणीतरी "अगं काय ते" म्हणालं. मालकीणबाई आपल्या शेजारणीला सांगत होत्या ते मला स्पष्ट ऐकू आलं: "आत्याचे अंगान करंट हाय गो." भावजयीने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर परवडलं असतं. तिने फक्त डोळे मिटून घेतले आणि उघडले, आणि मग ती एकेका बाईजवळ जाऊन काहीतरी कुजबुजत हॉलभर फिरली. मला वाटलं, माझ्यावतीने माफी मागते आहे.

स्विच मी चालूच ठेवला. मी कामालाच आले होते.

मग बाळाला आणलं. इतकं लहान माणूस मी कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मुठी घट्ट मिटलेल्या, कपाळाला आठी, आमच्या घराण्याची. पाळण्याखालून बाळाची घ्या-द्या झाली. भाऊ मोबाइल धरून व्हिडिओ काढायला उभा राहिला. "हं ताई," तो म्हणाला.

मी वाकले. बाळाच्या कानाला दुधाचा वास येत होता. मी नाव सांगितलं. नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मागून 'कुर्रर्र' झालं, चांगलं मोठ्याने. बांगड्यांचा आवाज आला, पुष्कळ बांगड्यांचा. मी पाठ पुढे करून वाकलेली राहिले आणि दंडाकडे बघत राहिले.

दंडावर काही लागलं नाही. मला वाटलं, तार तुटली. कामाच्या माणसाला आधी हेच सुचतं. मग लक्षात आलं की पाठीवरही काही लागलेलं नाही. नंतर मी तो व्हिडिओ पाहिला. सगळ्या बायका माझ्या मागे जमलेल्या आहेत, सगळ्यांचे हात धपाधप खालीवर होत आहेत आणि माझ्या पाठीच्या वीतभर वरच थांबत आहेत. हवेत मारत आहेत. एका मावशीने तेवढं एक बोट टेकवलं, इस्त्री तापली का बघतात तसं, आणि लगेच उचललं. तेवढ्याने दिवा लागणार नव्हता. मी हिशेब भिंतीच्या दणक्याचा धरला होता.

मी वाकलेलीच होते. आता पडेल, आता पडेल असं वाटत होतं.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला, "झालं ना? नाव विसरलीस का?"

"नाही, झालं," मी म्हणाले आणि उभी राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी आतल्या खोलीत जाऊन बसले. अस्तराच्या आतून घामाच्या धारा लागल्या होत्या. ब्लाउजवाल्या बाईंचं म्हणणं खरं ठरलं होतं. थोड्या वेळाने भावजय आली, दार लोटून घेतलं.

"ताई, काही मोडलं नाही ना? मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ताईंच्या पाठीला कोणी हात लावायचा नाही. तुम्ही इतकं मेहनतीने करता. मागे ते ओढणीचं झालं, तेव्हापासून मला धाकधूक असते."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ह्यात तिचा काय दोष. ती माझी वस्तू जपत होती.

"अगं, हा मारण्यासाठीच होता," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"हात पडला की दिवे लागायचे. त्यासाठीच केला होता."

ती पलंगाच्या कडेला बसली. "म्हणजे मारायला पाहिजे होतं?"

"हो."

"मग सांगायचं ना ताई!"

काय सांगायचं होतं? की बायांनो, मला मारा? घरात कुणी नाही, म्हणून एवढं करा? डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत, पुसले तर दिसतील म्हणून. तिला ते दिसलेच. तिने विषय बदलला, तेही अदबीने. "तुम्ही भिजलाय सगळ्या. माझा ब्लाउज देते. मापात थोडा घट्ट होईल. आणि माझ्या ब्लाउजांना मागून हूक असतात, चालेल?"

माझ्या सगळ्या ब्लाउजांना पुढून हूक असतात. एकट्या बाईला मागचे हूक परवडत नाहीत. पण हे मी तिला सांगितलं नाही, चालेल म्हणाले. तिने माझ्या मागे उभं राहून एकेक हूक लावला. "श्वास आत घ्या. हं. आणखी एक." तिची बोटं भराभर चालत होती आणि फक्त कापडाला लागत होती. कपाटाच्या आरशात मला ती दिसत होती. शेवटचा हूक लावून झाल्यावर ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि तिचा हात वर गेला. माझ्या पाठीवर ठेवायला की स्वतःचे केस मागे सारायला, ते मला कळलं नाही, कारण तेवढ्यात बाहेरून हाक आली की तिची आई निघाली आहे, आणि ती "आलेच" म्हणत धावली.

मी बाहेर आले तेव्हा पंगत बसली होती. माझ्यासाठी जागा धरली होती, आत्याचा मान म्हणून पाटाभोवती रांगोळीही होती. साडी मिळाली. जेवण छान झालं होतं. निघताना बाळाला पुन्हा पाहिलं, ती झोपली होती.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. विजेचा ब्लाउज पिशवीत होता, घुगऱ्यांच्या पुड्याशेजारी. शेजारी बसलेली मुलगी मोबाइल बघत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. कशाला विचारेल? माझ्या अंगावर विचारण्यासारखं काही नव्हतं.

घरी पोचले तेव्हा अजून दिवेलागण व्हायची होती. साडी सोडली, घालायचा गाऊन पलंगावर ठेवला, आणि ब्लाउज काढायला हात मागे नेला. हात पोचेना. वरून नेला, खालून नेला. एका हुकाला बोट लागलं पण तो निघेना. ब्लाउज घट्ट, हूक ताणलेले. मला हसू आलं. घर हत्यारांनी भरलेलं आहे. लांब नाकाची पकड आहे, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांड्याचा आरसा आहे, हवा तसा वाकवायला तार आहे. पाच मिनिटांत मी हूक काढायचं एक अवजार केलंही असतं, आणि पुढच्या आठवड्यात ऑफिसात दाखवलंही असतं.

मी तार घेतली, टोक वाकवलं, आरशाकडे पाठ करून उभी राहिले. मग तार खाली ठेवली.

ब्लाउजवर ओढणी टाकून, तशीच परकरावर, समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. समोर एक काकू राहतात, नवरा-बायको दोघंच. आमचं बोलणं म्हणजे पाणी आलं का आणि लिफ्ट चालू आहे का. त्यांनी दार उघडलं, हातात निवडायची मेथी.

"काकू, जरा मागचे हूक काढून देता?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "करंट नाही ना?"

"नाही. हा साधा आहे."

"ये आत. थांब, चष्मा बघू दे." त्यांनी मेथी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले, मला उजेडाकडे पाठ करून उभं केलं आणि हूक काढायला लागल्या. त्यांची बोटं गार होती, मेथीच्या पाण्याने ओली. हूक निघत गेले तसा श्वास मोकळा झाला. मग त्या थांबल्या.

"काय गं हे! वळ उठलेत नुसते. एवढं घट्ट कोनी घालतं का?" आणि त्यांनी आपला पूर्ण तळहात माझ्या पाठीवर ठेवला आणि वळ चोळायला लागल्या, वरून खाली, वरून खाली. "कोनाचं घातलंस हे? बोल ना. दुखतंय काय?"

मी उत्तर दिलं नाही. दुखत नाही म्हटलं असतं, तर त्यांनी हात काढून घेतला असता.